तीन पानांचे अण्णा

अण्णा सोनार दागिन्यांशी बोलायचे. कुणी मोडायला म्हणून पाटली आणो, डूल आणो, नाहीतर वाकलेली नथ आणो, अण्णा ती वस्तू आधी तळहातावर घेणार, चष्मा कपाळावर सरकवणार आणि लेकीची चौकशी करावी तशा आवाजात विचारणार, "तू कुणाची गं?" मग मान तिरकी करून गप्प बसणार. ऐकू येत असल्यासारखे. गिऱ्हाईक नवं असलं तर एवढ्या वेळात ते दाराकडे सरकलेलं असायचं.

दागिना काही बोलायचा नाही. मग अण्णा मान सरळ करून गिऱ्हाइकाला विचारायचे, "बाई कुठाय?"

म्हणजे हा दागिना जिचा, ती बाई कुठे आहे. ती स्वतः आल्याशिवाय अण्णा तिचं सोनं तराजूत टाकायचे नाहीत. नवरा आला तरी नाही, सासरा आला तरी नाही. एकदा गावचे पाटील आले, तेही आल्या पावली मागे फिरले आणि पाटलीणबाईंना घेऊन आले. बाईने दागिना दुकानात सगळ्यांसमोर अंगावर चढवायचा आणि आपल्याच हाताने उतरवून अण्णांच्या हातात द्यायचा. तेवढं झालं की मग पुढचं बोलणं. "सोन्याला आधी नाव विचारावं, मग भाव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून चारदा तरी ते कानावर पडायचं.

अण्णांविषयी आता कुणी लिहिणार नाही. चिखलीत त्यांचं दुकान होतं तिथे आज वर्कशॉप आहे आणि आमच्या पिढीची माणसं एकेक करून गळत चालली आहेत. उरलेल्यांना पिंपरीच्या पाटल्यांची गोष्ट ठाऊक आहे, पण ती माझ्या नावावर. "वाघमारेंनी बायका नेल्या, वाघमारेंनी शेठला नमवलं." निवृत्तीच्या वेळी कंपनीतल्या मित्रांनी हार घालून हेच सांगितलं आणि हार जड असल्यामुळे मला मान हलवता आली नाही. तो हार अण्णांचा होता. तो त्यांना पोचवतो आणि मोकळा होतो.

मी चिखलीला आलो तेव्हा ते खेडं होतं. पिंपरीला कंपन्या उभ्या राहत होत्या, मला एकीत लेथवर काम मिळालं होतं, आणि राहायला खोली मिळत नव्हती. माझं आडनाव ऐकलं की खोली नुकतीच दिली गेलेली असायची. अण्णांनी आडनाव विचारलंच नाही. माझ्या बोटाकडे बघून म्हणाले, "अंगठी कुणाची?"

"माझी."

"तुझी कशी? तुझ्या जन्माच्या आधीचं सोनं दिसतंय ते."

"आईच्या कुड्या मोडून केली. नोकरी लागली म्हणून."

"तिनं दिल्या, का तू मागितल्यास?"

"तिनं दिल्या."

"मग राहा," अण्णा म्हणाले. दुकानामागची खोली मला मिळाली. भाड्याचं बोलणं दुसऱ्या दिवशी झालं. आधी नाव, मग भाव!

अण्णांची मुख्य प्रसिद्धी होती ती त्यांच्या पानांची. त्यांच्याकडे तिळाएवढ्या पानाचा एक पोलादी ठसा होता. तयार दागिन्यावर, दिसणार नाही अशा जागी, ते हा ठसा तीनदा मारायचे. तीन पानं जुळून बेलाचं दल व्हायचं. पहिलं पान कसाचं, म्हणजे सोनं बावीस कॅरेटचं, चोख आहे. दुसरं वाटेचं, म्हणजे ते कुणाला रडवून आलेलं नाही. तिसरं हाताचं, म्हणजे घडवणाऱ्या कारागिराची मजुरी चुकती झाली आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या असतील तर तीन पानं. एखादी नसेल तर अण्णा एक पान कमी मारायचे आणि, इथेच सगळा घोळ व्हायचा, ते गिऱ्हाइकाला तसं सांगायचे.

मोशीच्या एका घरचं लग्न आठवतं. मुलीचे गोठ न्यायला बाप आला. गोठ देखणे झाले होते. बापाने उलटून पाहिलं आणि ओरडला, "अण्णा, दोनच पानं? माझ्या पोरीला दोनपानी गोठ? सोयरे काय म्हणतील?"

"सोनं चोख हाय, वाट सरळ हाय," अण्णा शांतपणे म्हणाले. "पण रघूची मजुरी माझ्याकडनं राहिलीय."

"मग द्या की त्याला!"

"तुम्ही मला द्या, मी त्याला देतो."

बापाने वरातीसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढून तिथल्या तिथे हिशेब मिटवला. अण्णांनी आत हाक मारून रघूच्या हातावर मजुरी ठेवली आणि तिसरं पान उठवलं. रघू कारागीर पुढे कितीतरी वर्षं सांगायचा की त्याची मजुरी वेळेवर मिळावी म्हणून सबंध गाव झटत असे.

चीनच्या लढाईनंतर सरकारने चौदा कॅरेटपेक्षा चोख नवा दागिना घडवायला बंदी केली, तेव्हा अण्णांचा सगळ्यात वाईट काळ आला. लोक कानाशी येऊन म्हणायचे, "अण्णा, गुपचूप बावीसचं करा की." अण्णा म्हणायचे, "कायदा मोडणार न्हाई." मग लोक म्हणायचे, "बरं, चौदाचंच करा, पण पानं तीन मारा." अण्णा म्हणायचे, "खोटं बी बोलणार न्हाई." गिऱ्हाईक आळंदीच्या सोनाराची वाट धरायचं. रघू आणि दुसरे कारागीर कंपन्यांत गेले. कानस चालवायची सवय तिथे उपयोगी पडली. ते बंधन सैल होईपर्यंत अण्णांनी दोनपानी दागिने विकले, म्हणजे फारसे विकलेच नाहीत.

आम्ही मात्र कॅन्टीनमध्ये या पानांची मजा करायचो. कामचुकार माणसाला मी 'एकपानी' म्हणायला सुरुवात केली. शब्द असा पसरला की दुसऱ्या कंपन्यांत पोचला. एका फोरमनला तर बिनपानी म्हणत. अण्णांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "वाघमारेराव, माणसांना ठसा मारू नये. माणूस पुन्हा आटवता येतो."

अण्णा विधुर होते. त्यांची बायको, सरूवहिनी, मी येण्याच्या आधीच गेली. गावातल्या बायकांना तिची एक गंमत आठवायची. ती बुगडी एकाच कानात घालायची. दुसरा कान मोकळा. कुणी विचारलं, "अगं, सोनाराची बायको तू, दुसरी बुगडी कुठं गेली?" की ती पदर सावरत म्हणायची, "कामाला गेलीय!" आणि हसायची. आख्खी चिखली समजायची, बाईने ती हरवली आणि नवऱ्यावर नाव येऊ नये म्हणून थट्टेवर नेतेय.

आता पाटल्यांची गोष्ट.

आमच्या खात्यात बबन नावाचा चिखलीचाच एक गावकरी होता. स्वभावाने वाईट नव्हता, पण त्याला मटक्याचा नाद लागला होता. त्याची बायको इंदू निघोज्याची. तिच्या बापाने लग्नात तिला अण्णांकडून पाटल्या करून दिल्या होत्या, तीनपानी. एक दिवस बबन त्या रुमालात बांधून अण्णांकडे आला. मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो.

"तू कुणाची गं?" अण्णांनी पाटलीला विचारलं. मान तिरकी. मग, "बाई कुठाय?"

"अण्णा, ती आजारी हाय."

"मग बरी झाली की या."

दुसऱ्या दिवशी बबन खरोखर एका बाईला घेऊन आला. डोक्यावरून पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. बाई काही बोलेना. लाजते म्हणाला. अण्णांनी दोन्ही पाटल्या पुढे ठेवल्या. "घाला, बाई."

बाईने एक हात पुढे केला. तो हात इंदूचा असणं कठीणच होतं. त्या हाताने भाजीच्या पाट्या उचलल्या होत्या. पाटली बोटांच्या पेरापर्यंत गेली आणि अडकली. बाईने जोर लावला. मग बबनने जोर लावला. शेवटी पदर मागे पडला आणि आतून आवाज आला, "बबन्या, मेल्या, हात तुटला की रं माझा!"

ती मोशीची त्याची आत्या होती, बाजारात भाजी विकणारी. अण्णांनी रिठ्याचं पाणी आणून तिचा हात सोडवला, तिला चहा दिला. "आत्या, तुम्हाला काय सांगून आणलं?"

"आत्या, तुला पाटल्या करतो, हाताचं माप दे, म्हनला," आत्या म्हणाली, आणि उरलेला चहा बशीसकट बबनच्या दिशेने गेला. त्या गोंधळात बबनने पाटल्या उचलल्या आणि तो पळाला.

अण्णा लगेच उठून त्याच्या घरी गेले. घराला कुलूप होतं. इंदू सासूबरोबर माहेरी, भावाच्या लग्नाची बोलणी करायला गेली होती. अण्णा दारात उभे राहून परत आले. "पाटल्या हातात होत्या माझ्या," एवढंच म्हणाले, आणि दिवसभर ऐरणीपाशी बसले नाहीत.

चार-आठ दिवसांनी इंदू दुकानात आली. "अण्णा, पाटल्यांना पॉलिश झालं का? भावाचं लग्न जवळ आलंय."

दुकानात दोन-तीन बायका होत्या. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी अण्णांकडे. बबनने घरी काय सांगितलं होतं ते आम्हा दोघांनाही कळलं. अण्णांनी एक शब्द काढला असता तर ते मोकळे झाले असते. ते म्हणाले, "थोडं थांब, पोरी."

दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं धुताना बायकांत कुजबुज सुरू झाली. सोनाराने पाटल्या गिळल्या! ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या सोन्याची वाट विचारली, त्याच्याच दुकानात सोन्याची वाट बंद झाली. लोक गमतीने हळहळले. गिऱ्हाईक यायचं थांबलं.

"अण्णा, तुम्ही सांगत का नाही?" मी चिडून म्हटलं.

"काय सांगू? तुझा नवरा चोर हाय? लग्नघरात जाणाऱ्या पोरीला? आपल्याला पाटल्या पायजेत. तिचं घर मोडून काय मिळणार?"

मी बबनला कॅन्टीनमागे गाठलं. फार ताणावं लागलं नाही. तोच रडायला लागला. पाटल्या त्याने पिंपरीच्या बाजारात एका मोठ्या पेढीवर विकल्या होत्या. "काय बी इचारलं न्हाई वो त्यांनी," तो नाक पुसत म्हणाला. "वजन केलं आन पैसं दिलं." आणि वर म्हणाला, "अण्णांनी कसं, इचारून इचारून बेजार केलं. त्या शेठनं येकदा जरी इचारलं असतं ना, तर म्या परत फिरलो असतो."

मी त्याला तसाच अण्णांपुढे उभा केला. अण्णा म्हणाले, "तू तुझ्या बायकोला सांग. आमी सांगणार न्हाई."

बबनने सांगितलं. घरात काय झालं ते मला ठाऊक नाही, पण सकाळी त्याची आई हातात धुण्याचं धोपाटणं घेऊन दुकानात आली. मागे इंदू, डोळे सुजलेले. "अण्णा, तुमच्या नावानं म्या नदीवर लई वंगाळ बोलले," म्हातारी म्हणाली. "आता चला पिंपरीला."

"मी यून काय करू? दुसऱ्याच्या पेढीवर आपण बोलू नये."

"बोलू नगा. उभं ऱ्हावा."

बस येईपर्यंत नदीवरच्या सगळ्या बायका थांब्यावर जमल्या होत्या. ज्यांनी अण्णांना चोर ठरवलं त्याच, आता अंगावर होतं-नव्हतं ते तीनपानी सोनं घालून. कंडक्टरने विचारलं, "लग्न कुठंय?" धोपाटणं बघून दुसरा प्रश्न विचारला नाही. बबन मागच्या सीटवर, माझ्या शेजारी, आईच्या नजरेच्या टप्प्यात बसला होता.

पेढी मोठी होती. गाद्या, आरसे, पंखा. एवढ्या बायका आत शिरल्यावर शेठना आधी आनंद झाला. मी पुढे झालो आणि भाषण केलं. युनियनच्या सभांमुळे मला सवय होती. न्याय, अन्याय, कष्टकऱ्यांचा घाम, सगळं बोललो. लोकांच्या लक्षात हेच भाषण राहिलं आहे. खरं सांगायचं तर त्याने काडीचाही फरक पडला नाही.

शेठ सभ्य माणूस होता. त्याने पाटल्या काढून पुढे ठेवल्या. मोडल्या नव्हत्या. तीन पानांचं सोनं तसंच जास्त भावाने जातं, म्हणून ठेवल्या होत्या. "पण साहेब, मी पैसे मोजलेत," तो म्हणाला. "माणूस म्हणाला माझ्या आहेत. आता या बाई म्हणतात माझ्या आहेत. मी कुणाचं ऐकू?"

"तीन पानं बघा ना त्यावर!" मी म्हटलं.

"ती तर या सगळ्यांच्याच सोन्यावर असतील," शेठ म्हणाला, आणि ते खरंच होतं.

तेव्हा अण्णा हळूच पुढे आले. गादीवर चढले नाहीत. "शेठजी, एक विचारू? तुम्हाला न्हाई, हिला." त्यांनी डावी पाटली तळहातावर घेतली, चष्मा कपाळावर सरकवला. "तू कुणाची गं?"

मान तिरकी. गप्प.

पेढीवरचे नोकर फिसकन हसले. शेठच्या शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या, त्याही हसल्या. अण्णांनी पाटली त्यांच्याचपुढे धरली. "बघा बाई, तुमची हाय का." त्यांचा हात नाजूक होता. पाटली सहज जायला हवी होती. गेली नाही. अंगठ्याच्या बुडाशी येऊन रुतली. दुसऱ्या एका गिऱ्हाइकीण बाईने घालून बघितली. तिचीही तीच गत.

मग इंदू पुढे आली. लहानपणी बैलगाडीतून पडून तिच्या डाव्या हाताचं हाड वाकडं जुळलं होतं. तो अंगठा आत मुडपायचा नाही. अण्णांनी लग्नाच्या वेळी तिचा हात धरून, ती पाटली किंचित लांबट केली होती. ती कशी घालायची हे एका इंदूलाच अंगवळणी पडलेलं. तिने पाटली आडवी धरली, मनगट बाहेरच्या अंगाला वळवलं, एक हिसका दिला, आणि पाटली घरी आल्यासारखी तिच्या हातात जाऊन बसली.

सासूने इंदूचा हात धरून वर केला, कुस्ती जिंकलेल्या पैलवानाचा करतात तसा. मग जो गलका झाला तो रस्त्यावरच्या टांगेवाल्यांनीही ऐकला असेल.

शेठकडे उजवी पाटली मागावी लागली नाही. ती त्यांच्या पत्नींनीच उचलून इंदूच्या हातात चढवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही विचारायला हवं होतं." शेठनी धोपाटण्याकडे बघितलं, पत्नीकडे बघितलं आणि मान्य केलं. बबनने ओव्हरटाइम करून त्यांचे पैसे फेडायचे ठरले. त्याने ते फेडले. मटका सुटला, कारण ओव्हरटाइममुळे आकडा लावायला जायला वेळच उरला नाही.

निघताना शेठनी अण्णांना बाजूला घेतलं. "तुमचा तो ठसा आमच्या मालावर मारायला द्याल का? म्हणाल तो मोबदला."

"ठसा फुकट घ्या," अण्णा म्हणाले. "पण मग सोन्याला नाव विचारावं लागंल."

शेठनी ठसा घेतला नाही. पण त्या दिवाळीला मी पिंपरीच्या बाजारात गेलो तर पेढीवर पाटी होती. 'दागिना मोडावयास आणताना मालकिणीस सोबत आणावे.' तिच्याखाली बरेच नवरे घुटमळत उभे होते. पुढच्या वर्षी तशी पाटी आणखी दोन दुकानांत लागली, मग चाकणला. बायका नवं सोनं घेताना विचारायला लागल्या, "किती पानी?" ज्या दुकानात पानं नव्हती तिथेही विचारायच्या. दुकानदारांना उत्तर द्यावं लागे. चिखलीच्या एका वेड्या सोनाराचा प्रश्न सगळ्या पट्ट्यातल्या बायकांच्या तोंडी बसला. कॅन्टीनमध्ये चहा चांगला झाला की लोक 'तीनपानी' म्हणू लागले, आणि ही थट्टा नव्हती.

आता एवढंच राहिलं. पिंपरीहून परतलो त्याच संध्याकाळची गोष्ट. बायका गाणी म्हणत घरोघर गेल्या होत्या. दिवेलागण झाली होती. मी अभिनंदन करायला म्हणून दुकानात शिरलो. अण्णा ऐरणीपाशी बसले होते. तळहातावर काहीतरी होतं. चष्मा कपाळावर.

"तू कुणाची गं?" ते विचारत होते. मान तिरकी करून थांबले. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

ती बुगडी होती. एकच.

"वहिनींची?" मी विचारलं. "दुसरी हरवली ना?"

"हरवली न्हाई." अण्णांनी बुगडी दिव्यापाशी धरली. "नवीनच दुकान घातलं होतं. एका नवरीचा दागिना दुसऱ्या दिवशी द्यायचा, आन सोनं थोडं कमी पडलं. ही माहेरी गेलेली. डबीतली एक बुगडी घेतली, आटवली. म्हटलं, आपल्याच बायकोची, विचारायचं काय? ती परत आली, डबी उघडली, माझ्याकडं बघितलं. उरलेली एक कानात घातली. मी म्हटलं, नवीन करून देतो. म्हणाली, नको, गेली ती कामाला गेली. मरेपर्यंत एकीवर राहिली."

त्यांनी बुगडी उलटी करून मला दाखवली. मागे तिळाएवढी पानं होती. दोन. कसाचं आणि हाताचं. मधलं, वाटेचं, घासून काढलेलं होतं.

दिवसभराचा विजय अजून अंगात होता. मी म्हटलं, "अण्णा, आज एवढं झालं. आता ते पान उठवून टाका. आज तुम्हाला कोण नाही म्हणेल?"

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बबनकडे बघितलं होतं तसं माझ्याकडे बघितलं.

"बाई कुठाय?" ते म्हणाले.